त्या दिवसाचं नाव धुळवड आहे

गिरगावातल्या एका छापखान्यात मी प्रुफं वाचते. ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे कॅलेंडरांची घाई सुरू होते. पतपेढी, सोनाराची पेढी, औषधाचं दुकान, गणेशोत्सव मंडळ, सगळ्यांना आपापल्या नावाचं कॅलेंडर हवं असतं आणि सगळ्यांची सूचना एकच असते: सुट्ट्या सरकारी यादीप्रमाणे लाल करा. म्हणून राज्य सरकारची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना माझ्या टेबलाच्या काचेखाली कायम असते. २०२५ सालच्या यादीत मार्च महिन्यात एक ओळ होती: होळी (दुसरा दिवस), १४ मार्च, शुक्रवार. शेजारच्या रकान्यात भारतीय सौर दिनांक, २३ फाल्गुन १९४६. आदल्या वर्षी तीच ओळ २५ मार्चला, सोमवारी.

तारीख नेमकी, वार नेमका, सौर दिनांकसुद्धा नेमका. दिवसाला मात्र नाव नाही.

खिशातल्या कॅलेंडरात एका तारखेचा चौकोन अंगठ्याच्या नखाएवढा असतो. ‘होळी (दुसरा दिवस)’ त्यात मावत नाही. आमच्याकडे अक्षरजुळणी करणारा मुलगा मग ‘होळी (दु. दि.)’ करून मोकळा होतो. मी लाल शाईने ते खोडते आणि समासात ‘धुळवड’ लिहिते. चार अक्षरं, चौकोनात ऐसपैस बसतात. मागच्या हंगामात एका गिऱ्हाइकाने ते प्रूफ परत पाठवलं. सरकारी यादीत असा शब्द नाही, यादीत आहे तेच छापा, असा निरोप आला. त्याचं काही चुकलं नव्हतं. कॅलेंडर त्याचं, पैसे त्याचे. मी ‘दु. दि.’ पुन्हा घातलं. पण ते घालताना हात जड झाला, आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

दिवाळीच्या ओळी पाहा. त्याच यादीत, त्याच कागदावर ‘दिवाळी अमावस्या (लक्ष्मीपूजन)’ आहे. तिच्याखाली ‘दिवाळी (बलिप्रतिपदा)’ आहे. तिथे कोणी ‘दिवाळी (दुसरा दिवस)’ लिहिलेलं नाही. कार्तिकातल्या प्रतिपदेला बळीराजाचं नाव मिळालं. फाल्गुन वद्य प्रतिपदेला मात्र नुसता क्रमांक. यादीतला कंस तसाच ठेवा, त्याच्या आतले दोन शब्द काढा आणि एक शब्द घाला: ‘होळी (धुळवड)’. माझी मागणी एवढीच आहे.

इतक्या लहान गोष्टीसाठी एवढं काय, असं वाटेल. पण ही यादी लहान गोष्ट नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ या कायद्याच्या कलम २५ खाली ती निघते. हुंडीची किंवा वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर काय करायचं, हे ठरवण्यासाठी सार्वजनिक सुट्टीची व्याख्या लागत होती. म्हणजे मुळात ही पैशाच्या देवघेवीची सोय. बँकेला तारीख कळली की तिचं काम झालं, त्या दिवसाला लोक काय म्हणतात याच्याशी तिला कर्तव्य नाही. पण आज शाळेची डायरी, कंपनीचं परिपत्रक, सोसायटीचा फळा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळीकडे शब्द इथूनच उतरवले जातात. पूर्वी घरातलं म्हातारं माणूस सांगायचं की उद्या धुळवड. आता मूल मोबाइल उघडतं, आणि मोबाइल त्या दिवसावर ‘होळी’ लिहितो.

माझी भाची आठ वर्षांची आहे. तिच्या सोसायटीत फळ्यावर सूचना लागली होती: छोटी होळी रात्री आठ वाजता, होळी सकाळी नऊ ते बारा. रात्री होळी पेटली, तिने नारळ टाकताना पाहिला, बोंबही ठोकली. सकाळी रंग खेळायला निघताना तिने मला विचारलं, “मावशी, काल पेटवली ती खरी होळी नव्हती का गं?” मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिच्या पणजीच्या हिशेबात कालचीच काय ती होळी. आणि ही मुलगी तिला छोटी म्हणत होती, कारण फळ्यावर तसं लिहिलं होतं.

यात उत्तरेकडून आलेल्या शेजाऱ्यांचा काहीही दोष नाही, हे मी आधीच सांगून टाकते. त्यांच्याकडे महिना पौर्णिमेला संपतो. आग पेटते ती फाल्गुनाच्या शेवटच्या रात्री आणि सकाळी रंग उडतो तो चैत्राच्या पहिल्या दिवशी. नव्या महिन्याची ती सकाळ त्यांची मोठी होली आणि आदली रात्र छोटी, हे त्यांच्या पंचांगात चपखल बसतं. आपला महिना अमावास्येला संपतो. आपल्याकडे पौर्णिमेनंतरही फाल्गुनाचे पंधरा दिवस उरतात. म्हणून आपल्याकडे होळी ती पौर्णिमेच्या रात्रीची, तिच्यामागून धुळवड आणि पाचव्या दिवशी रंगपंचमी. एका पौर्णिमेभोवती बसवलेल्या या दोन वेगळ्या मांडण्या आहेत, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. गोंधळ होतो तो एकीचं नाव दुसरीच्या दिवसावर लावल्यावर.

धुळवडीची सकाळ मी पाहिली आहे ती परळच्या चाळीतली. रात्रीच्या होळीत निखारे धुमसत असायचे. आजी मला उठवून हातात लोखंडी घमेलं द्यायची आणि म्हणायची, “जा, विस्तव घेऊन ये, आणि राख वेगळी आण, पायाखाली सांडू नको.” चौकात प्रत्येक बिऱ्हाडाचं कोणी ना कोणी चिमटा घेऊन उभं असायचं. त्या विस्तवावर आजी तांब्याच्या हंड्यात पाणी तापवायची. उन्हाळा सुरू होतानाची ती आंघोळ, वर्षभर अंगाला खरूज-गळू होऊ नये म्हणून. राखेचं एक बोट ती आमच्या कपाळाला लावायची आणि उरलेली राख पितळी डबीत भरून देव्हाऱ्याखाली ठेवायची. ती राख कोमट असायची आणि जिभेला चुकून लागली तर खारट. मग आम्ही खाली पळायचो आणि मोठी मुलं त्याच राखेत पाणी ओतून एकमेकांच्या तोंडाला फासायची. रंग आला तो दुपारी, पुड्यांतून, वाण्याच्या दुकानातून. सकाळ राखेची आणि धुळीची होती. धुळवड हा शब्द मला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

म्हणूनच अलीकडे मोबाइलवर फिरणारा एक निरोप मला खटकतो. त्यात म्हटलेलं असतं की खरा शब्द ‘धूलिवंदन’, धुळवड हा त्याचा बिघडलेला, गावंढळ उच्चार. वर्तमानपत्रंही बहुधा धूलिवंदनच छापतात. तो शब्द चांगला आहे, होळीच्या राखेला नमस्कार करून ती कपाळी लावण्याचा विधी त्यात आहे, आणि आजी करायची ते तेच होतं. पण धुळवड त्यातून बिघडून आली, हे मला पटत नाही. मराठीत संस्कृत शब्द झिजतात ते वाटेल तसे झिजत नाहीत. बंधनाचं बांधणं होतं, पण ‘वंदन’चं ‘वड’ होण्याची वाट भाषेत दिसत नाही. उत्तरेत याच दिवसाला धुलेंडी म्हणतात, धुरेडीही म्हणतात. धूळ सगळीकडे आहे, नमस्कार सगळीकडे नाही. धुळवड हा आपल्या पायावर उभा असलेला शब्द आहे. त्याला संस्कृत बाप शोधून दिल्यावरच तो सभ्य ठरेल, ही समजूत आपण टाकून द्यायला हवी.

आणि ही धूळ किती जुनी आहे पाहा. गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. सातवाहनांची राजधानी पैठण, म्हणजे हे आपल्याच मातीतलं काव्य. त्यातल्या एका गाथेत एक बाई दुसरीला छेडते आहे. फाल्गुनाच्या सणात कोणीतरी तुझ्या अंगाला चिखल फासला, सणाचा म्हणून त्यात दोष नाही, आणि घामाने तो केव्हाच धुऊन निघाला आहे, मग आता कशाला धुतेस? गाथेत चिखलासाठी शब्द आहे कद्दम, म्हणजे कर्दम. फासणं म्हणावं तर कवी त्याला ‘पसाहण’ म्हणतो, प्रसाधन, शृंगार. आणि सणासाठी शब्द आहे ‘फग्गुच्छण’. यातला छण म्हणजे संस्कृत क्षण, उत्सवाची वेळ. मराठीत जुना छ पुष्कळदा स होतो, छुरीची सुरी झाली तसा. त्या छणाचा सण झाला. ‘सण’ हा शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारतो, आणि त्याचं जुनं रूप फाल्गुनातल्या चिखलाशेजारी लिहून ठेवलेलं आहे. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी प्रूफ बाजूला ठेवून नुसती बसून राहिले होते.

शिमग्याची गोष्ट अशीच. शिमगा हा शब्द पुष्कळांना शिवीसारखा वाटतो, कारण ‘शिमगा करणे’ म्हणजे बोंबाबोंब करणे असाच अर्थ कानावर पडत आला आहे. पण बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र या जैन पंडिताने लोकांच्या तोंडचे देशी शब्द गोळा करून देशीनाममाला रचली, तिच्यात फाल्गुनातल्या उत्सवाला ‘सुगिम्हअ’ हे नाव दिलेलं आहे. संस्कृत ग्रीष्माचं प्राकृतात गिम्ह होतं. सुग्रीष्मक, सुगिम्हअ, आणि मग बोलण्यात ग आणि म यांची अदलाबदल होऊन शिमगा. अदलाबदल झाली याचा जिवंत पुरावा हवा तर गोव्यात जा. कोकणीत आजही शिगमो म्हणतात, ग आधी आणि म नंतर, जुन्या क्रमाने. ज्याला आपण बोंबेचं नाव समजत होतो ते चांगल्या उन्हाळ्याचं नाव निघालं, थंडी सरल्याची, पिकं घरात आल्याची खूण. आजी विस्तवावर पाणी तापवून आम्हाला उन्हाळ्यात सोडायची त्याचं मर्म त्या शब्दात पहिल्यापासून होतं.

आणि होळी? या प्रश्नावर ज्यांनी सगळे ग्रंथ पालथे घातले ते महामहोपाध्याय पां. वा. काणे याच गिरगावात राहत होते, मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करत होते. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचव्या खंडाचं काम १९६२ साली पुरं झालं. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. पाचव्या खंडात त्यांनी व्रतं आणि उत्सव घेतले आहेत आणि होळीचा माग काढताना ते ‘होलाका’ या शब्दापाशी जातात. हा शब्द काठकगृह्यसूत्र या घरगुती विधींच्या प्राचीन ग्रंथात आहे, आणि वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या जैमिनीच्या पूर्वमीमांसेत त्याच्या नावाने एक अख्खं अधिकरण, म्हणजे वादाचं प्रकरण, ओळखलं जातं. तिथला वाद ऐकण्यासारखा आहे. जैमिनीवरच्या शबराच्या भाष्यात शंका अशी येते की होलाका पूर्वेकडचे लोक करतात, काही आचार फक्त दक्षिणेकडचे करतात, काही उत्तरेकडचे. मग ज्याचा आचार त्यानेच करावा, की सर्वांनी? आणि मीमांसकांचा निर्णय असा की आचार धर्म्य असेल तर तो एका दिशेच्या लोकांपुरता बांधता येत नाही, तो सर्वांचा.

मला हा निर्णय मनापासून मान्य आहे, मुंबईत राहणाऱ्या माणसाला तो मान्य असायलाच हवा. ज्या शहरात एकाच जिन्यावर तीन भाषांत सणाच्या शुभेच्छा दिल्या जातात तिथे होळी कोणा एकाची नाही. पण सण सर्वांचा झाला म्हणून त्याची सगळी नावं पुसून एकच उरवावं, असं त्या निर्णयात कुठे आहे? होलाकेची कथाही एक नाही. कोणी प्रल्हादाची आत्या सांगतं, कोणी ढुंढा राक्षसीची, जिला मुलांनी आरडाओरडा करून पळवून लावलं. दक्षिणेत त्या रात्री शंकराने जाळलेल्या मदनाची आठवण काढतात. धर्मग्रंथांत या पौर्णिमेला हुताशनी म्हटलं आहे, हुताशन म्हणजे अग्नी. एकच खरी कथा आणि एकच खरं नाव असा हट्ट या सणाने कधी धरला नाही. तो हट्ट आपण आता धरतो आहोत, आणि तोही जाणूनबुजून नव्हे, आळसाने.

या शहरात पाहा ना. वरळीच्या, वेसाव्याच्या कोळीवाड्यात होळीला बायका हावलूबाय म्हणतात, घरी पाहुणी आलेल्या बाईसारखी तिची खणा-नारळाने पाठवणी होते. लालबाग-परळ, भांडुप, नालासोपारा इथला चाकरमानी रात्रभर उभ्याने कोकणात जातो, गाडीच्या तिकिटावर आणि फलकावर ‘होळी स्पेशल’ असतं, पण डब्यात कोणालाही विचारा कुठे निघालात, उत्तर येतं शिमग्याला. तो शिमगाही एकसारखा नसतो. रत्नागिरी जिल्ह्यात काही गावांचे ‘तेरसे शिमगे’, त्रयोदशीला होम लावणारे, आणि काहींचे ‘भद्रेचे शिमगे’, पौर्णिमेला. कोणाची पालखी कधी निघणार, आपल्या दारी कधी येणार, रजा किती दिवसांची टाकायची, हे सगळं त्या एका शब्दावर ठरतं. आमच्या छापखान्यातला बाइंडर गुहागरकडचा आहे. रजेच्या अर्जावर तो कारण लिहितो ‘तेरसा शिमगा’, आणि ते दोन शब्द वाचले की मालकाला पुढचं काही विचारावं लागत नाही. अशी नावं म्हणजे शोभेच्या वस्तू नाहीत, ती रोज वापरायची हत्यारं आहेत. त्यांनी काम होतं.

आता जो आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो त्याकडे येते. मुंबईतली मराठी माणसं स्वतःच त्या दिवसाला धुळवड म्हणत नाहीत, रंगपंचमी म्हणतात. हे खरं आहे. आमच्या चाळीतही दुपारच्या रंगाला आम्ही रंगपंचमीच म्हणायचो, प्रतिपदेला पंचमी. पुण्यात आणि नाशकात असं म्हटलं तर लोक चकित होतात, कारण तिथे रंग पंचमीलाच. जुन्या नाशकात त्या दिवशी पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात, जमिनीतले दगडी हौद, वर्षभर बुजवलेले, त्या एका दिवसापुरते रंगीत पाण्याने भरलेले. लोक त्यात उड्या घेतात. तिथे पंचमीला पंचमीच राहावं लागतं.

मुंबईत हे उलटं का झालं, तर सुट्टीमुळे, असं माझं मत आहे. गिरणीला आणि कचेरीला सुट्टी होळीच्या दुसऱ्या दिवसाची. पंचमीला भोंगा नेहमीसारखा वाजणार, आठ-पाचची लोकल नेहमीसारखी पकडावी लागणार. मग रंग चार दिवस अलीकडे सरकला आणि येताना आपलं नाव घेऊन आला. हाताला सुट्टी नसेल तर सण तिथीवर टिकत नाही. ज्या लोकांनी असं केलं त्यांच्यात माझे आईवडील होते, मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पण याच कारणामुळे मी म्हणते की सुट्टीच्या यादीने जपून लिहावं. यादीने एकदा दिवस ठरवला आणि अख्ख्या शहराचा रंग चार दिवस हलला, एवढी तिची ताकद आहे. आता ती नाव लिहिणार नसेल तर नावही हलणार. भाषा लोक चालवतात, सरकारने त्यात पडू नये, असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन की ‘होळी (दुसरा दिवस)’ असं लोकांपैकी कोण म्हणतं? मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तो शब्दप्रयोग लोकांचा नाही, कागदाचा आहे. लोकांच्या तोंडचा शब्द कागदावर घ्या असंच तर मी म्हणते आहे. शिवाय ही यादी मुंबईपुरती नाही. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात, कोल्हापूर-साताऱ्याकडे धुळवड हा आजही चालता बोलता शब्द आहे. त्या सगळ्यांना त्यांच्या सणाचं नाव सरकारी मराठीत सापडत नाही, आणि हे राज्य मराठीचं आहे.

दुसरा आक्षेप मला बायकांकडून ऐकू येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. धुळवड म्हटलं की दारू, अचकट विचकट ओरडणं, ओळख नसलेल्या मुलींच्या अंगावर हात, हेच आठवतं, म्हणून ते नाव गेलेलंच बरं. मी स्वतः लोकलच्या लेडीज डब्यात दाराजवळ उभी असताना रुळांलगतच्या वस्तीतून पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी येऊन शेजारच्या बाईच्या डोळ्यावर फुटलेली पाहिली आहे. चालत्या गाडीच्या वेगात ती पिशवी दगडासारखी लागते. बाईने दोन्ही हातांनी डोळा दाबून धरला होता आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत डब्यात कोणी बोललं नाही. त्या पिशवीशी माझ्या धुळवडीचा काय संबंध? त्या प्राकृत गाथेत चिखल निर्दोष आहे, कारण फासणारा आणि फासून घेणारी एकमेकांना ओळखतात, दोघांच्या संमतीचा तो खेळ आहे, आणि दुसरी बाई त्यावरून तिला चिडवते आहे. अनोळखी बाईच्या डोळ्यावर लपून पिशवी फेकणं हा गुन्हा आहे, त्याला गुन्ह्याचंच नाव द्यावं आणि पोलिसांनी पकडावं. सणाचं नाव ‘होळी’ केल्याने ती पिशवी थांबलेली नाही. उलट राख, विस्तव, कपाळावरचं बोट, गरम पाण्याची आंघोळ, म्हणजे ज्या गोष्टींत बायकांचा आणि मुलांचा हात होता, त्या मात्र नावाबरोबर गेल्या.

मला भीती वाटते ती याचीच. शब्द गेला की आधी कोणाला काही जाणवत नाही. मग एक दिवस आठ वर्षांची मुलगी विचारते की काल पेटवली ती खरी होळी नव्हती का, आणि आपल्याजवळ तिला सांगायला एक सरळ शब्द नसतो. माझ्याजवळ होता. त्या दिवशी रंग खेळून ती परत आल्यावर मी तिला जिन्याखाली नेलं, जिथे रात्रीची होळी होती. सोसायटीच्या सफाईवाल्याने बरीचशी राख गोणीत भरली होती, कडेला थोडी उरली होती. तिने बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, “अजून गरम आहे.” मी म्हटलं, हिला नमस्कार कर, कालची ती होळी, आज धुळवड. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग कपाळाला बोट लावलं आणि दुसरं बोट माझ्या कपाळाला.

सामान्य प्रशासन विभागाने ही यादी दरवर्षी नव्याने काढायची असते. म्हणजे दुरुस्तीसाठी कायदा बदलावा लागत नाही, समिती नेमावी लागत नाही, सुट्टी वाढत नाही, एक रुपया खर्च होत नाही. ‘दिवाळी (बलिप्रतिपदा)’ लिहिणाऱ्या हाताने त्याच पद्धतीने ‘होळी (धुळवड)’ लिहायचं आहे. धूलिवंदन लिहिलं तरी मी भांडणार नाही, ‘दुसरा दिवस’पेक्षा ते कितीतरी बरं. पण मला विचाराल तर धुळवड. तो शब्द लहान आहे, सर्वांना कळतो, आणि पंधरा गुणिले दहा मिलिमीटरच्या चौकोनात नऊ पॉइंटात बसतो, हे मी मोजून सांगते.

पुढच्या हंगामाचं पहिलं प्रूफ कालच टेबलावर आलं, परळच्या एका पतपेढीचं. मार्चच्या पानावर तीच जुनी ओळ आहे. मी ती अजून खोडलेली नाही. समासात पेन्सिलीने चार अक्षरं लिहिली आहेत आणि खाली पतपेढीच्या चिटणीसांसाठी दोन ओळींची चिठ्ठी जोडली आहे: आपले बहुतेक सभासद कोकणातले आहेत, एकदा त्यांनाच विचारून पाहावं. उद्या दुपारपर्यंत त्यांचा फोन यायचा आहे.